शाल माझी, हात त्यांचे

गेल्या वर्षी माझी एक क्रोशाची शाल पूर्ण झाली. तिचे फोटो मी हौसेनं टाकले. त्यातला एक फोटो टाकायचा मला अधिकार नव्हता. दोन दिवसांनी तो काढून टाकला, पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झालं ते असं. शाल सात महिने चालली होती आणि तिच्या बऱ्याचशा ओळी कुणाची ना कुणाची वाट बघत बसल्या बसल्या झाल्या होत्या. असंच एकदा घरच्या माणसाच्या रिपोर्टसाठी एका रुग्णालयात थांबले होते. शेजारी साठी उलटलेल्या एक काकू बसल्या होत्या. बराच वेळ त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या, शेवटी त्यांना राहवलं नाही. “कड आत चाललीय बघ तुझी,” त्या म्हणाल्या. मी शाल मांडीवर पसरली. खरंच, एकसष्टाव्या ओळीपासून ती दोन्हीकडून निमुळती होत गेली होती. “दे इकडे.” त्यांनी सुई काढली, दोरा ओढला आणि माझ्या चार ओळी भराभर उसवून टाकल्या. माझा जीव वरखाली होत होता.

मग त्यांनी समजावलं. ओळ उलटताना आपण तीन साखळ्या घालतो. त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब, म्हणजे उभा टाका. पुढची ओळ विणत टोकाला पोचलो की त्याच साखळीच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा असतो. पण ती साखळी खांबासारखी दिसत नाही. बारीक असते, कडेला मुडपून बसते, म्हणून नवशिक्याच्या हातून ती सुटते. मग दर ओळीला एक खांब कमी होत जातो आणि ओळीच्या ओळी झाल्याशिवाय ते लक्षातही येत नाही. काकूंनी एकसष्टाव्या ओळीचा राहिलेला खांब घातला, काम उलटलं, बासष्टाव्या ओळीचे पहिले दहा खांब स्वतः घातले आणि मग सुई माझ्या हातात दिली. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले होते, पेरं वाकडी झाली होती. पण सुई धरली की बोटं आपापल्या जागी जाऊन बसत होती. त्या विणत असताना मी विचारलं, “हातांचा एक फोटो काढू?” “काढ की,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी शाल झाली. खिडकीशी पसरून तिचे चार फोटो काढले, आणि त्यांच्यासोबत काकूंच्या हातांचाही फोटो टाकला. खाली त्यांच्याविषयी दोन ओळी प्रेमानं लिहिल्या. लोकांना शालीपेक्षा तो फोटोच जास्त आवडला. त्यात हात होते, पण कडेला काकूंचा अर्धा चेहराही आला होता, आणि मागच्या भिंतीवर त्या विभागाची पाटी. मला ती पाटी दिसलीच नव्हती. मी खांब बघत होते. संध्याकाळी कुणीतरी खाली लिहिलं, “या तर आमच्या ओळखीच्या काकू. या तिथे कशाला गेल्या होत्या?” दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा निरोप आला. “आईनं आम्हाला काही सांगितलं नव्हतं. सगळे रिपोर्ट आले की सांगणार होती. तुमच्या फोटोवरून कळलं. कृपया तो काढून टाकाल का?” त्यात एकही कडवा शब्द नव्हता, म्हणून तो जास्तच लागला.

आपलं दुखणं कुणाला, कधी आणि कुठल्या शब्दांत सांगायचं हे काकूंनी ठरवायचं होतं. ते मी त्यांच्या हातून काढून घेतलं, तेही त्यांनी माझी चूक निस्तरून दिल्यानंतर.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे. शालीचा फोटो टाकायला मला कुणाला विचारायची गरज नव्हती. काकूंचा टाकायला होती. फोनवर मात्र दोन्ही फोटो एकाच बोटानं, एकाच क्षणी गेले, आणि त्यांच्यात काही फरक आहे असं मला त्या वेळी जाणवलंही नाही. आपण सगळेच हल्ली छंद, हातकाम, सकाळच्या फेरीतलं झाड, रस्त्यात दिसलेलं मांजर आणि बाकावर भेटलेला म्हातारा हे सगळं एकाच ओंजळीतून लोकांसमोर ठेवतो. माझं म्हणणं असं, की हातानं केलेल्या वस्तू आज दाखवतो त्याहून जास्त मोकळेपणानं दाखवाव्यात, चुकांसकट दाखवाव्यात. भेटलेली माणसं मात्र आज दाखवतो त्याहून फार कमी दाखवावीत, आणि विचारल्याशिवाय कधीच दाखवू नयेत.

पहिला भाग आधी घेते, कारण त्यावरही आक्षेप आहेत. काही केलं की लगेच फोटो टाकायचा, हा दिखाऊपणा आहे, असं पुष्कळ लोक म्हणतात. छंद स्वतःसाठी असतो, मग चारचौघांना दाखवायचं कशाला? मला हे पटत नाही. घरात बसून केलेलं हातकाम हे मुळात डोळ्यांआड होणारं काम आहे. रात्री उशिरापर्यंत टीप मारत बसलेल्या बाईला, सुट्टीच्या दिवशी रंधा मारत बसलेल्या माणसाला कुणी बघितलेलं नसतं. वस्तू तयार झाली की ती वापरात जाते, आणि वापरात गेली की तिच्यामागचे तास कुणाला दिसत नाहीत. गोधडी ही पांघरायची वस्तू होते, स्टूल बसायचं होतं. फोटो ही त्या तासांची एवढीशी नोंद. तेवढीही ठेवू नये असं म्हणणाऱ्यांनी स्वतः कधी काही शिवून, विणून, तासून पाहिलं आहे का, असं मला विचारावंसं वाटतं.

आणि दाखवण्याची ही ओढ काही फोनबरोबर आलेली नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९८ सालचा एक नमुनापट, म्हणजे टाक्यांचे नमुने भरलेलं कापड, आहे. जेन बॉस्टॉक या बाईनं तो भरला. त्यावर तिनं आपलं नाव आणि साल सुईनंच घातलं आहे, शिवाय अ‍ॅलिस ली नावाच्या एका मुलीच्या जन्माची नोंदही. साल घातलेल्या ब्रिटिश नमुनापटांत तो सर्वांत जुना मानला जातो. छापील नमुन्यांची पुस्तकं सहज मिळत नव्हती त्या काळात असे पट म्हणजे टाक्यांची वही असत. एकीनं भरलेला टाका दुसरीनं पाहायचा आणि आपल्या कापडावर उतरवून घ्यायचा. त्या पटावर काही आकृत्या आधी भरून मग उसवून टाकल्याच्या खुणाही आहेत. सव्वाचारशे वर्षांपूर्वीची ती उसवण आज कुणालाही बघता येते. मला त्या पटावरची ती जागा सगळ्यात जवळची वाटते.

कारण आपण आज जे दाखवतो त्यात नेमकी उसवणच नसते. शाल होते, ती धुऊन, टाचण्यांनी ताणून वाळवली जाते, खिडकीच्या उजेडात पसरली जाते, वाकडी कड घडीखाली जाते आणि मग फोटो निघतो. नवीन शिकणारा माणूस तो बघतो आणि आपल्या हातातल्या वेड्यावाकड्या तुकड्याशी त्याची तुलना करतो. त्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. मी स्वतः दोनदा विणकाम सोडलं होतं, दोन्ही वेळा असेच निर्दोष फोटो बघून. मला कुणी आत जाणाऱ्या कडेचा फोटो दाखवला असता आणि खाली लिहिलं असतं की ‘शेवटचा खांब तीन साखळ्यांच्या डोक्यावर घातला नाही की असं होतं,’ तर मी चार वर्षं आधी शिकले असते. मी शंभरेक सुंदर शाली पाहिल्या होत्या, पण वाकडी कड एकदाही पाहिली नव्हती.

विणणाऱ्यांसाठी २००७ साली सुरू झालेल्या रॅव्हलरी या संकेतस्थळावर एक चांगली रीत आहे. तिथे प्रत्येक वस्तूची नोंद करताना लोकर कुठली, सुई किती नंबरची, नमुना कुणाचा, त्यात आपण काय बदललं, हे लिहायची जागा आहे. आणि वस्तू कुठवर आली हे सांगायला जे पर्याय आहेत त्यात ‘चालू’ आणि ‘पूर्ण’ यांच्याबरोबर ‘बाजूला ठेवलेली’ आणि ‘उसवलेली’ असेही पर्याय आहेत. उसवलेल्या कामाला तिथे स्वतःचं खातं आहे, ते लपवायची गोष्ट नाही. फोटोखाली ‘अखेर झालं!’ एवढंच लिहिणाऱ्या प्रत्येकानं यातल्या दोन-तीन गोष्टी जरी लिहिल्या, तरी तो फोटो दुसऱ्याच्या कामाला येतो. भरतकाम असेल तर मागची बाजू दाखवा. टाका कसा फिरला, दोरा कुठून कुठे उडी मारून गेला, हे मागूनच कळतं. लाकूडकाम असेल तर सांध्याचा फोटो टाका, तोही भुसा झटकण्याआधीचा. आणि नमुना दुसऱ्याचा असेल तर त्याचं नाव लिहा. हे विसरणारे लोक फार आहेत. कुणीतरी आठवडेच्या आठवडे मोजदाद करून तो नमुना बसवलेला असतो, आणि आपण ‘मी केलं’ म्हणून मोकळे होतो.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं मोकळी ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं त्या पेनांकडे बाकीच्यांच्या निम्म्यानंच वळली. ज्यांना बक्षीस अवचित मिळालं होतं, त्यांची आवड कमी झाली नव्हती.

हा प्रयोग फोटोंवरचा नाही, आणि मोठी माणसं म्हणजे बालवाडीतली मुलं नव्हेत. तरी तो वाचताना मला माझी लोकर आठवली. २००९ साली फेसबुकवर ‘लाइक’चं बटण आलं, २०१० साली इन्स्टाग्राम आलं, आणि हळूहळू आपल्या सगळ्यांच्या हौशीला आकडे चिकटले. मधे एक वर्ष असं गेलं की मी फोटोत उठून दिसतात म्हणून भडक रंग घेत होते. मला स्वतःला मातकट, राखाडी रंग आवडतात. ते फोटोत मळके दिसतात. त्या वर्षातल्या तीन वस्तू मी आजही वापरत नाही. वस्तू करताना डोळ्यांसमोर फोटो असेल तर वस्तू बिघडते, हे मला अनुभवानं कळलं. म्हणून मी आता एक पथ्य पाळते. वस्तू निदान आठवडाभर वापरल्याशिवाय तिचा फोटो टाकत नाही. तोवर तिचे खरे गुणदोषही कळलेले असतात, आणि कुणी दाद दिली तर ती अवचित मिळाल्यासारखी वाटते.

आता माणसांकडे येते. इथे मला जास्त बोलायचं आहे.

१८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा हातात धरायचा साधा कॅमेरा बाजारात आणला. त्यात १०० फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा, फोटो धुऊन यायचे. तोवर फोटो काढायचा म्हणजे बहुतेक वेळा समोरच्यानं स्टुडिओत जाऊन स्थिर बसायचं. म्हणजे ज्याचा फोटो, त्याला तो माहीत असणारच. कॅमेरा सामान्य माणसाच्या हातात आला आणि ही गोष्ट मोडत गेली. दोनच वर्षांत, १८९० साली, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यात झटपट निघणाऱ्या फोटोंचा आणि वर्तमानपत्रांचा नाव घेऊन उल्लेख आहे. माणसाला एकटं राहू दिलं पाहिजे, हा हक्क कायद्यानं मानावा असं त्यांचं म्हणणं होतं. ब्रँडाइस पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

जर्मनीत या प्रश्नाला वेगळंच निमित्त झालं. १८९८ साली जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले त्या रात्री दोन छायाचित्रकार त्यांच्या खोलीत चोरून शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. फार गदारोळ झाला, खटला चालला. त्यातून १९०७ साली जो कायदा झाला तो आजही लागू आहे. एखाद्याचं चित्र पसरवायचं किंवा लोकांसमोर मांडायचं असेल तर त्याची संमती हवी, असं तो सांगतो. गर्दीच्या, सभा-मिरवणुकांच्या चित्रांना आणि काही सार्वजनिक गोष्टींना त्यातून सूट आहे. मला त्यातला ‘पसरवणं’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. फोटो काढणं ही एक गोष्ट आणि पसरवणं ही दुसरी. काकू मला “काढ की” म्हणाल्या होत्या. “टाक की” असं त्या म्हणाल्या नव्हत्या. मी एका परवानगीवर दोन कामं उरकली.

सगळीकडचे कायदे असे नाहीत. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिलिप-लोर्का डिकोर्सिया या छायाचित्रकारानं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो त्यांच्या नकळत काढले, आणि २००१ साली ते प्रदर्शनात मांडले. त्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी, आपल्या धर्मश्रद्धेत हे बसत नाही, म्हणून दावा लावला. २००६ साली न्यायालयानं तो फेटाळला. फोटो ही कला आहे, असं म्हटलं. त्याउलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९८ साली एका मुलीच्या बाजूनं निकाल दिला. सतरा वर्षांची असताना माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर ती बसली असता कुणीतरी फोटो काढला आणि तो एका कलाविषयक मासिकात छापून आला. फोटोत तिची टिंगल नव्हती, बदनामी नव्हती. लोक तिला हसले, एवढंच तिचं म्हणणं होतं. न्यायालयानं तिला २,००० डॉलरची भरपाई मान्य केली. एकच प्रश्न, दोन न्यायालयं, दोन उत्तरं. म्हणून ‘कायद्यानं चालतं ना?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. माझा फोटोही पुष्कळ ठिकाणी कायद्यानं चालला असता.

याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा की, विचारत बसलो असतो तर जगातले किती फोटो निघालेच नसते! रस्त्यावरच्या माणसांचे, संकटातल्या माणसांचे, इतिहास ज्यांनी हलवला असे फोटो. हे खरं आहे. त्यातला बहुधा सर्वांत गाजलेला फोटो छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढला. मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एक बाई मुलांना कवेत घेऊन बसलेली आहे, नजर दूर, गालाला हात. लँग यांचे तिथले फोटो वर्तमानपत्रापर्यंत पोचले आणि सरकारनं त्या तळावर २०,००० पौंड अन्नधान्य पाठवलं. फोटोनं पोटं भरली. हे मी विसरत नाही.

पण त्या बाईचं काय झालं तेही सांगायला हवं. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. मदत पोचली तेव्हा ती आणि तिची मुलं तिथून पुढे निघून गेली होती. तिचं नाव जगाला कळलं ते १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी: फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. तेव्हा ती म्हणाली, तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. लँग यांनी नंतर लिहिलं की अन्नासाठी त्या कुटुंबानं गाडीचे टायर विकले होते. थॉम्प्सन यांच्या मुलानं पुढे सांगितलं की विकायला टायर होतेच कुठे. म्हणजे चेहरा तिचा, आणि गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी, तिला चिकटलेली. एवढ्या मोठ्या छायाचित्रकाराच्या हातून, एवढ्या चांगल्या हेतूनं हे होत असेल, तर फोटोखाली दोन गोड ओळी लिहिताना आपल्या हातून काय काय होत असेल?

दुष्काळ, बेकारी, अन्याय दाखवणाऱ्या माणसाला मी अडवणार नाही. तिथे लोकांपुढे काहीतरी यायलाच हवं असतं, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतं हे त्या कामातल्या माणसांना ठाऊकही असतं. आपल्या रोजच्या फोटोंमागे असं काही नसतं. बाकावर डुलकी लागलेले आजोबा, पावसात एकाच छत्रीत चाललेलं जोडपं, आईच्या खांद्यावर झोपलेलं अनोळखी बाळ. हे फोटो आपण का टाकतो? आपल्याला क्षणभर बरं वाटलं म्हणून. ते बरं वाटणं खरं असतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्याची किंमत त्या आजोबांनी का द्यायची? त्यांना त्या वेळी तिथे असायचं नसेल. त्या जोडप्याचं घरी कुणाला माहीत नसेल. त्या बाळाला तर हो किंवा नाही म्हणताच येत नाही, आणि त्याच्या आईला आपण विचारलेलं नसतं. शिवाय आजकालच्या फोटोत चेहऱ्यापलीकडे पुष्कळ काही असतं. फोननं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये वेळ, फोनचं मॉडेल आणि स्थानाची सोय चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. बऱ्याच समाजमाध्यमांवर फोटो टाकताना ती नोंद गळून पडते, पण मूळ फाइल तशीच कुणाला पाठवली तर ती सोबत जाते. आणि जी गोष्ट फाइलमध्ये नसते ती मागच्या भिंतीवर असू शकते, हे मला काकूंनी शिकवलं.

मग भेटी कधी सांगूच नयेत का? सांगाव्यात, खूप सांगाव्यात. मला त्या वाचायला आवडतात. पण शब्दांत सांगाव्यात. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितलं, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी, फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढायला सांगितलं, तेव्हा आठवण तशी कमी झाली नाही. मी यातून माझ्यापुरतं असं समजते की जवळून बघितलेलं टिकतं. काकूंविषयी लिहायला मी आज बसते तेव्हा तो फोटो माझ्याकडे नाही. तरी सुजलेले सांधे, उसवताना दोऱ्याला दिलेला हिसका, “कड आत चाललीय बघ” म्हणतानाचा त्यांचा आवाज, हे सगळं आहे. आणि या शब्दांवरून त्यांना कुणी ओळखणार नाही.

फोटोच हवा असेल तर विचारावं, आणि दोनदा विचारावं. एकदा काढताना. एकदा टाकताना, तेही फोटो त्यांना दाखवून, कुठे टाकणार ते सांगून. “टाकला तर कोण कोण बघेल?” असं समोरच्यानं विचारलं आणि आपल्याला उत्तर देता आलं नाही, तर तिथेच थांबावं. नाव-पत्ता न ठेवता निघून गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारता येत नाही. मग तो फोटो आपल्या फोनमध्येच राहू द्यावा. यात मोठं नुकसान होतं असं मला वाटत नाही. व्हिव्हियन मायर या बाईनं आयुष्यभर लहान मुलं सांभाळण्याची नोकरी करता करता एक लाखाहून जास्त फोटो काढले आणि ते जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. २००७ साली एका लिलावात ते बाहेर आले. न दाखवताही ती रोज कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पडत होती.

काकूंच्या मुलीला मी उत्तर पाठवलं, माफी मागितली, फोटो काढून टाकला. दोन जणांनी तो आधीच पुढे पाठवला होता. त्यांनाही सांगितलं. त्यातल्या एकानं काढून टाकला, दुसऱ्यानं “एवढं काय त्यात?” असं विचारलं. काकूंना पुन्हा भेटायचा योग आला नाही, आणि मुलीकडे त्यांची विचारपूस करायचाही मला संकोच वाटला. कुणाच्या दुखण्याची चौकशी करायला आधी त्यांनी ते आपल्याला सांगितलेलं असावं लागतं.

शाल अजून वापरात आहे. बासष्टाव्या ओळीच्या सुरुवातीला बोट फिरवलं की कळतं, तिथे दहा खांब बाकीच्यांपेक्षा घट्ट आहेत, उंचीला किंचित कमी. आणि त्याच्या खाली, एकसष्टाव्या ओळीच्या टोकाला, साखळीच्या डोक्यावर बसवलेला एक. गेल्या महिन्यात मी तेवढ्याच भागाचा जवळून फोटो काढला आणि टाकला. खाली लिहिलं: कड आत जात असेल तर ओळीच्या टोकाला ही साखळी शोधा, शेवटचा खांब हिच्यावर घालायचा. या फोटोतले अकरा खांब माझे नाहीत.